मॉडची मालकी : परवाना-करारांच्या भाषेचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी व्याकरणकारांनी शब्दांचे सिद्ध आणि साधित असे दोन वर्ग मानले आहेत. साधित शब्द सिद्ध शब्दावाचून अस्तित्वात येत नाही. परंतु एकदा अस्तित्वात आल्यावर त्याला स्वतःचा अर्थ आणि स्वतःचे स्थान प्राप्त होते. तो कोणाच्या मालकीचा, असे कोणी विचारीत नाही. कृतींच्या बाबतीत मात्र तसे विचारावे लागते. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात दुसऱ्याच्या कृतीवर आधारलेल्या कृतीचा निराळा वर्ग सांगितला आहे; त्याला व्याकरणाच्याच परिभाषेत आपण 'साधित कृती' म्हणू. प्रस्तुत लेखात अशा साधित कृतींच्या एका आधुनिक प्रकाराचा, म्हणजे व्हिडिओ गेमच्या चाहत्यांनी रचलेल्या मॉडचा, विचार करावयाचा आहे.

विकत घेतलेल्या खेळात खेळाडूने स्वतः नवे नकाशे, नवी पात्रे किंवा नवे नियम यांची भर घालून जे रूप सिद्ध केले, त्यास मॉड म्हणतात. मॉडला मूळ खेळ लागतो. पण मॉडमधील कल्पना आणि श्रम मूळ खेळाच्या कंपनीचे नसतात. मग मॉड कोणाचा?

या प्रश्नात दोन निराळे प्रश्न गुंतलेले आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच बरीच चर्चा निष्फळ ठरते. मालकी ही एक गोष्ट आणि परवानगी ही दुसरी. १९७६च्या अमेरिकी कायद्यानुसार साधित कृती निर्माण करण्याचा किंवा करू देण्याचा अधिकार मूळ कृतीच्या धन्याला आहे. त्याच कायद्याच्या १०३व्या कलमानुसार साधित कृतीवरील हक्क हा तिच्या कर्त्याने घातलेल्या भरीपुरताच असतो. तथापि मूळ कृतीचा वापर बेकायदा असेल, तर त्या वापराने व्यापलेल्या भागाला संरक्षण मिळत नाही. २०४व्या कलमानुसार हक्काचे हस्तांतरण हक्कदाराच्या सहीच्या लेखावाचून होत नाही. या तिन्ही तरतुदी एकत्र वाचल्या म्हणजे तिढा लक्षात येतो. खेळाडूची भर कंपनीला आपोआप मिळत नाही, आणि कंपनीच्या अनुमतीवाचून खेळाडूच्या भरीलाही आधार राहत नाही. हा तिढा ज्या कागदाने सुटतो तो म्हणजे खेळासोबत येणारा परवाना-करार.

माझे प्रतिपादन असे की, मॉडच्या मालकीचा इतिहास हा मुख्यतः या करारांतील क्रियापदांचा इतिहास आहे. 'वाटू शकाल' पासून 'याद्वारे देत आहे' पर्यंतचा तो प्रवास आहे. कायद्याची कलमे या काळात फारशी बदलली नाहीत. करारांचा मजकूर मात्र बदलला, आणि त्याबरोबर कर्त्याचे स्थानही बदलले.

२. करारापूर्वीचा काळ

आरंभीचे तंटे परवान्यावरून झालेले नाहीत, कारण तेव्हा खेळ सार्वजनिक खेळघरांतील यंत्रांत असे आणि यंत्र विकत घेतलेले असे. १९८१ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील काही विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या जनरल कम्प्यूटर कॉर्पोरेशन या संस्थेने 'मिसाइल कमांड' या खेळाच्या यंत्राला जोडावयाचे एक साधन विकावयास काढले. अटारी कंपनीने दावा लावला; पण त्याचा शेवट तडजोडीत झाला, आणि प्रतिवादी विद्यार्थी अटारीसाठीच खेळ रचू लागले. त्यांनी 'पॅकमॅन'वर रचलेली दुसरी भर मिडवे कंपनीने स्वीकारली, व तीच १९८२ मध्ये 'मिस पॅकमॅन' या नावाने लोकप्रिय झाली. भर घालणारा हा चोर की भावी सहकारी, याविषयीची उद्योगाची दुविधा या पहिल्याच उदाहरणात स्पष्ट दिसते.

न्यायालयांची उत्तरेही एकसारखी नव्हती. १९८३ मध्ये मिडवे विरुद्ध आर्टिक या खटल्यात सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने 'गॅलॅक्सियन' या खेळाची गती वाढविणारे मंडल विकणे हे साधित कृती निर्माण करण्यासारखेच असल्याचे ठरविले. उलट १९९२ मध्ये गॅलूब विरुद्ध निन्टेन्डो या खटल्यात नवव्या विभागाच्या न्यायालयाने 'गेम जीनी' या उपकरणाला निर्दोष मानले. ते उपकरण खेळात तात्पुरता बदल घडवी. त्या बदलाला कायम रूप नव्हते, म्हणून साधित कृतीच निर्माण होत नव्हती. म्हणजे मालकीचा प्रश्न 'कायम रूप' या कल्पनेवर येऊन ठेपला. ज्या भरीला स्वतःचे टिकाऊ रूप आहे, तिचे काय, हे अद्याप अनुत्तरित होते.

३. तीनशे नकाशे

डिसेंबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डूम' या खेळाने हा प्रश्न हजारो घरांत नेला. इड सॉफ्टवेअर या कंपनीने खेळ चालविणारी यंत्रणा आणि खेळातील सामग्री यांची स्वतंत्र फायलींत विभागणी केली. त्यामुळे मूळ कार्यक्रमाला हात न लावता नवा नकाशा जोडता येऊ लागला. चाहत्यांच्या एका गटाने विनामूल्य वाटण्यासाठी सिद्ध केलेला नकाशासंच कंपनीने विकत घेतला आणि १९९६ मध्ये 'फायनल डूम'मध्ये समाविष्ट केला. विकत घेतला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. विकत घेण्यात दुसऱ्याच्या मालकीची कबुली असते.

याच वर्षी 'ड्यूक न्यूकम थ्रीडी' हा खेळ आला. मूळ खेळात २९ टप्पे होते, आणि नवे टप्पे रचण्याचे साधन खेळासोबतच दिलेले होते. कंपनीची अट एवढीच की, रचलेले टप्पे इतरांना द्यावयाचे तर विनामूल्य द्यावेत. खेळाडूंनी रचलेले असे ३०० टप्पे मायक्रो स्टार नावाच्या व्यापारी संस्थेने गोळा केले, एका तबकडीवर घातले आणि 'न्यूक इट' या नावाने विकले. त्यावरून झालेल्या मायक्रो स्टार विरुद्ध फॉर्मजेन या खटल्याचा निकाल नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने १९९८ मध्ये दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती ॲलेक्स कोझिन्स्की होते.

मायक्रो स्टारचा बचाव वरवर पाहता बिनतोड होता. नकाशाच्या फायलीत मूळ खेळाचे एकही चित्र नव्हते. कोणते चित्र कोठे मांडावे याच्या सूचना तेवढ्या होत्या. चित्रे खेळाडूच्या स्वतःच्या प्रतीतून येत. न्यायालयाने हा बचाव मानला नाही. सूचना पुरेशा तपशीलवार असतील, तर त्यांतच दृश्याला कायम रूप मिळते, असे त्याने म्हटले. स्वरलिपीत नाद नसतो, तरी चाल तिच्यात बांधलेली असते, हे आपल्या परिचयाचे उदाहरण येथे लागू पडेल. शिवाय प्रत्येक टप्पा म्हणजे ड्यूक या नायकाच्या कथेचा पुढचा भाग, आणि कथेचा पुढचा भाग सांगण्याचा अधिकार मूळ धन्याचा, असेही न्यायालयाने ठरविले. कंपनीने फुकट वाटण्याची मोकळीक दिली म्हणजे पैसे मिळविण्याचा हक्क सोडला असे होत नाही, हा त्यातील तिसरा मुद्दा.

निकाल तर्कशुद्ध आहे. पण इतिहासकाराने त्यात कोण उपस्थित आहे याबरोबरच कोण अनुपस्थित आहे हेही पाहिले पाहिजे. वादी एक व्यापारी संस्था, प्रतिवादी दुसरी. ज्यांनी ते ३०० टप्पे रचले, ते दोन्ही बाजूंना नाहीत. त्यांच्या भरीवर त्यांचा काही हक्क आहे काय, हे ठरविण्याची त्या खटल्यात गरजच पडली नाही. मायक्रो स्टारने जे लुटले ते कंपनीचे होते, एवढेच सिद्ध झाले. ते रचणाऱ्यांचेही होते काय, हा प्रश्न तसाच राहिला. आणि ज्या मूळ परवान्यावर सारे अवलंबून होते, त्याचे क्रियापद केवळ अनुमतीचे होते. 'वाटू शकाल, पण विनामूल्य', असे ते होते. 'तुमचे ते आमचे' असे त्यात म्हटलेले नव्हते.

४. एक नकाशा, अनेक कर्ते

पुढच्या काही वर्षांत कंपन्यांनी गुणी मॉडकर्त्यांना नोकरीत घेण्याचा परिपाठ पाडला. 'क्वेक' या खेळावरील 'टीम फोर्ट्रेस' या मॉडच्या कर्त्यांना १९९८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने आपल्याकडे घेतले. १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ'वर चाहत्यांनी रचलेला 'काउंटर-स्ट्राइक' तिने विकत घेऊन २००० मध्ये बाजारात आणला. कर्ते एक-दोन असले, ठाऊक असले आणि विकावयास तयार असले, तर हा मार्ग सरळ होता. 'डोटा'च्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट सरळ राहिली नाही.

ब्लिझर्ड कंपनीच्या 'वॉरक्राफ्ट ३' या २००२च्या खेळासोबत नकाशे रचण्याचे संपादन-साधन दिलेले होते. २००३ मध्ये यूल हे टोपणनाव घेतलेल्या रचनाकाराने त्या साधनाने 'डिफेन्स ऑफ द एन्शन्ट्स' हा नकाशा रचला. डोटा हे त्याचेच संक्षिप्त नाव. त्याची मूळ कल्पना 'स्टारक्राफ्ट' या आधीच्या खेळावरील चाहत्यांच्याच एका नकाशातून आली होती. पुढे इतरांनी त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या काढल्या. त्यांतील उत्तम अंश एकत्र करून 'ऑलस्टार्स' ही आवृत्ती सिद्ध झाली, ग्विन्सू या टोपणनावाच्या कर्त्याने ती पुढे वाढविली, आणि २००५ पासून आइसफ्रॉग हा तिचा प्रमुख संपादक झाला. ज्यांनी प्राचीन ग्रंथांच्या पोथ्यांतील प्रक्षेप आणि पाठभेद हाताळले आहेत, त्यांना ही परिस्थिती अपरिचित वाटणार नाही. मूळ कर्ता, संकलक आणि शोधक यांच्या थरांतून ग्रंथ वाढतो, आणि 'कर्ता कोण' याचे उत्तर एकवचनात देता येत नाही.

जोपर्यंत डोटा फुकट होता, तोपर्यंत हे उत्तर कोणी मागितले नाही. त्याच्यापासून पैसा निर्माण होऊ शकतो हे दिसताच चित्र पालटले. यूल आणि आइसफ्रॉग व्हॉल्व्हकडे गेले. २०१० मध्ये त्या कंपनीने डोटा हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्यासाठी अर्ज केला. ग्विन्सूचे हक्क रायट गेम्समार्गे ब्लिझर्डकडे आले. ब्लिझर्डने २०११ मध्ये व्हॉल्व्हच्या अर्जाला हरकत घेतली. मे २०१२ मध्ये तडजोड झाली : व्यापारी उपयोगासाठी नाव व्हॉल्व्हचे, आणि खेळाडूंच्या विनामूल्य नकाशांसाठी ते ब्लिझर्डलाही मोकळे. २०१३ मध्ये 'डोटा २' प्रसिद्ध झाला.

नावाचा वाद मिटला, कृतीचा नाही. २०१५ मध्ये या दोन्ही कंपन्यांनी मिळून लिलिथ आणि यूकूल या संस्थांविरुद्ध कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात फिर्याद केली; भ्रमणध्वनीवरील त्यांच्या खेळांत डोटातील पात्रांची नक्कल झाल्याचा आरोप होता. प्रतिवादी पक्षाने उलट विचारले की, एवढ्या हातांनी रचलेल्या आणि एकदा सर्वांना मोकळ्या केलेल्या नकाशावर तुमचा हक्क आला कोठून? येथे यूलने २००४ मध्ये केलेले एक छोटे निवेदन निर्णायक महत्त्वाचे ठरले. डोटा यापुढे मुक्तस्रोत आहे, ज्याला आवृत्ती काढावयाची असेल त्याने माझ्या संमतीवाचून काढावी, श्रेयनामावलीत माझी आठवण ठेवावी एवढीच विनंती, असा त्याचा आशय होता.

या निवेदनाने यूलने हक्क सोडला की केवळ इतर चाहत्यांना अनुमती दिली? मे २०१७ मध्ये न्यायमूर्ती चार्ल्स ब्रेयर यांनी हा अर्थनिर्णयाचा प्रश्न ज्यूरीसमोर जाण्याजोगा असल्याचे सांगून प्रतिवादींची विनंती नाकारली. आपल्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, यूल, ग्विन्सू आणि आइसफ्रॉग यांच्यापाशी देण्याजोगे काही हक्क होते, या गृहीतावाचून दोन्ही कंपन्यांची फिर्यादच उभी राहत नव्हती. ब्लिझर्ड हा मूळ खेळाचा धनी. तरीही डोटावरील हक्क दाखविण्यासाठी त्याला एका चाहत्याकडून आलेली हस्तांतरणाची साखळी दाखवावी लागली. याचे कारण वॉरक्राफ्टच्या जुन्या परवान्यात आहे. त्याने संपादन-साधनाच्या व्यापारी उपयोगास मनाई केली होती. भर कंपनीच्या मालकीची होईल असे मात्र त्यातून निष्पन्न होत नव्हते.

५. 'याद्वारे'

ही उणीव कशी भरून काढण्यात आली, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण जानेवारी २०२० मध्ये त्याच खेळाच्या 'रिफोर्ज्ड' या नव्या आवृत्तीबरोबर दिसले. खेळाडूंनी रचावयाच्या खेळांसंबंधीच्या धोरणात कंपनीने चार गोष्टी घातल्या. असे सर्व खेळ ही कंपनीची अनन्य मालमत्ता आहे व राहील. खेळाडू आपले सर्व हक्क याद्वारे कंपनीस देत आहे. काही कारणाने हस्तांतरण होऊ न शकल्यास तेच हक्क अनन्य आणि कायमच्या परवान्याच्या रूपाने कंपनीकडे जातील. आणि कर्ता म्हणून असणारे नैतिक हक्क खेळाडू सोडून देत आहे.

'देईन' आणि 'याद्वारे देत आहे' यांतील भेद भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष समजावून सांगावा लागू नये. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथील व्याख्यानांत मांडलेल्या विचारानुसार काही विधाने कृतीचे वर्णन करीत नाहीत, ती स्वतःच कृती असतात. भविष्यकाळी वाक्य वचन देते. वर्तमानकाळी वाक्य वस्तू देऊन टाकते. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि रोश कंपनी यांच्या पेटंटविषयक वादात २००९ मध्ये अपील न्यायालयाने याच भेदावर भर दिला. संशोधकाने विद्यापीठाला 'देण्याचे मान्य' केले होते आणि दुसऱ्या संस्थेला 'याद्वारे दिले' होते; दुसरे वाक्य वरचढ ठरले. विद्यापीठाचे अपील २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही फेटाळले.

राहिला प्रश्न सहीचा. मॉडकर्ता कागदावर सही करीत नाही. तो पडद्यावरील एक कळ दाबतो. छापील परवान्याची अट खरेदीदारावर बंधनकारक होऊ शकते हे प्रोसीडी विरुद्ध झाइडेनबर्ग या १९९६च्या निकालाने मान्य केले होते; पण बंधन स्वीकारणे निराळे आणि मालकी देणे निराळे. हे अंतर २०१३ मध्ये चौथ्या विभागाच्या अपील न्यायालयाने कमी केले. तो खटला घरविक्रीच्या जाहिरातींतील छायाचित्रांचा होता, खेळांचा नव्हे. संगणकावर अटी मान्य करण्याची कळ दाबणे ही, २०००च्या इलेक्ट्रॉनिक सही कायद्यामुळे, कॉपीराइटच्या हस्तांतरणास पुरेशी सही होऊ शकते, असे त्यात ठरले. अमेरिकी कायद्यापुरते पाहता, 'याद्वारे' हा शब्द आणि ती कळ एकत्र आल्यावर लेख पुरा झाला.

आपल्याकडील खरेदीखतात दोन पक्षांना 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असे म्हणतात. या परिभाषेने पाहिले असता नव्या करारातील विसंगती चटकन ध्यानात येते. येथे लिहून देणाऱ्याने एक अक्षरही लिहिलेले नाही. सारा मजकूर लिहून घेणाराच लिहून ठेवतो. शिवाय जी वस्तू दिली जाते ती सही करतेवेळी अस्तित्वातही नसते.

६. दुसरे पर्याय

हा शेवट अटळ होता काय? तसे मानण्याचे कारण नाही. बेथेस्डा कंपनीने 'स्कायरिम' या २०११च्या खेळासाठी दिलेल्या संपादन-साधनाच्या करारात मालकी घेतलेली नाही. मॉड वाटला की कंपनीला त्याचा कायमचा, विनामोबदला आणि इतरांस देता येण्याजोगा वापर-हक्क मिळतो. कर्ता धनी राहतो, पण कंपनीच्या वापरास तो प्रतिबंध करू शकत नाही. एप्रिल २०१५ मध्ये बेथेस्डा आणि व्हॉल्व्ह यांनी स्कायरिमचे मॉड विकण्याची योजना काढली, तीत कर्त्याचा वाटा २५ टक्के होता. खेळाडूंच्या रोषामुळे ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली.

'माइनक्राफ्ट'चा करार याहून उदार आहे. खेळाडूने मुळापासून लिहिलेला मॉड खेळाडूचाच, असे तो स्पष्ट म्हणतो. मात्र तो विकू नये, आणि बदललेला संपूर्ण खेळ वाटू नये. ड्यूक न्यूकमच्या परवान्यातही विनामूल्यतेची अट होती. माइनक्राफ्टच्या करारात तिच्या जोडीला कर्त्याच्या मालकीचा उच्चार आला, एवढा फरक. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने या खेळाची कंपनी विकत घेतली, तरी हे तत्त्व टिकले. मोठ्या उद्योगाला मॉडची मालकी घेतल्यावाचून चालतच नाही, हा युक्तिवाद या एका उदाहरणाने दुबळा होतो.

कंपन्यांची बाजूही नमूद केली पाहिजे. आपल्याच खेळावरील शेकडो कर्त्यांपैकी कोणी उद्या दावा लावील, ही भीती डोटाच्या अनुभवानंतर काल्पनिक म्हणता येत नाही. परंतु ती दूर करण्यास व्यापक वापर-हक्क पुरेसा आहे, हे बेथेस्डाचा करार दाखवितो. त्यापुढे जाऊन मालकी आणि नैतिक हक्क दोन्ही घेणे हे संरक्षणापेक्षा अधिक काही साधण्यासाठी असते.

७. उपसंहार

भारतीय विद्यार्थ्याने हे सर्व वाचताना आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याची १९वी आणि ५७वी कलमे जवळ ठेवावीत. १९व्या कलमानुसार हस्तांतरणाच्या लेखात कृती कोणती, हक्क कोणते, मुदत किती आणि प्रदेश कोणता हे सांगावे लागते. मुदत सांगितली नसल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश सांगितला नसल्यास तो भारत, असे धरले जाते. ५७व्या कलमानुसार हक्क दिल्यानंतरही कृती आपली असल्याचे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार उरतो. अर्थात परवाना-करारास कोणत्या देशाचा कायदा लावावा, हेही बहुधा करार लिहिणारी कंपनीच ठरवून ठेवते, आणि पुण्यात किंवा नागपुरात बसून मॉड रचणारा तरुण त्याच कळीवर बोट ठेवतो.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. मॉडचा धनी कोण, याचे सर्वसामान्य उत्तर नाही. उत्तर त्या त्या कराराच्या त्या त्या वर्षीच्या पाठात आहे. त्यामुळे या पाठांचे जतन हे आपले पहिले काम ठरते. नवा करार आला की कंपनी जुना काढून टाकते. मॉड मात्र ज्या पाठाखाली रचला गेला, त्याच पाठाने त्याच्या जन्मकाळचे हक्क समजतात. जुन्या परवान्यांच्या तारीखवार प्रती गोळा करणे, त्यांतील पाठभेद नोंदविणे आणि क्रियापद कोठे पालटले हे दाखविणे, हे काम पाठचिकित्सेचे शिक्षण घेतलेल्यांनी करण्यासारखे आहे.

त्या कामात एक गोष्ट दृष्टिआड होऊ नये. 'न्यूक इट'च्या तबकडीवरील ३०० टप्प्यांचे रचनाकार न्यायालयात पक्ष म्हणून आले नाहीत. यूलने सारे काही देऊन टाकताना केवळ नामोल्लेख मागितला होता. २०२०च्या करारात नैतिक हक्कांचा त्याग लिहून घेतला जातो, तेव्हा तेवढेही कायद्याने मागण्याची सोय कर्त्याजवळ उरत नाही. मालकीचा व्यवहार पैशाचा असतो आणि त्यात तडजोड होऊ शकते; पण कृतीपासून कर्त्याचे नाव तुटले, तर पुढील काळाच्या अभ्यासकाला ते जोडून देणारा कोणताही करार उपलब्ध नाही.